डोंगळ्यावरच्या (कांद्याच्या फुलावरच्या) मधमाशीचा फोटो शार्प येतच नाही, काय करू?

शिवारफेरी:
राम राम मंडळी. इथले धागे नुसते वाचत असतो, विचारतोय पहिल्यांदाच. आमचा सिन्नरकडं डोंगळ्यांचा प्लॉट आहे, कांद्याचं बियाणं धरतो आम्ही, आणि आत्ता गोंडे असे फुललेत की बांधावर नुसतं उभं राहिलं तरी माश्यांचा घूं आवाज येतो. वडिलांनी यंदा परागीकरणासाठी पेट्यापण आणून ठेवल्यात. म्हटलं घरात कॅमेरा पडलाय, एवढ्या माश्या आयत्या समोर आहेत, काढू फोटो. पण कसलं काय.

कॅमेरा साधा, क्रॉप (लहान) सेन्सरवाला, २४ मेगापिक्सेल, सोबत १८-५५ आणि ५५-२५० अशा दोन लेन्स. ऑनलाइन स्वस्तातल्या प्लास्टिकच्या एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे लावायच्या पोकळ नळ्या) मागवल्या आणि ५५-२५० ला लावल्या. जवळून दिसतंय मस्त, पण डोळा शार्प आला की पाठ पुसट, पाठ आली की डोळा गेला, आणि बऱ्याच वेळा दोन्ही जाऊन मागचं फूल तेवढं टकाटक येतं. अपर्चर (लेन्सचं भोक) बदलायला गेलो तर स्क्रीनवर ०० दाखवतो, त्याचं काय ते कळलं नाही. वर गोंडा पांढराफट्ट आणि माशी काळी, गोंडा बरोबर आला तर माशीचा नुसता काळा ठिपका, माशी दिसायला लागली की गोंड्याचा चुना होतो. आणि ती थांबत तर नाहीच, मी फोकस करेपर्यंत चार गोंडे फिरून आलेली असते. दहा वाजले की वारा सुटतो, मग विषयच संपला.

तीन फोटो टाकतोय, तिसरा त्यातल्या त्यात बरा आलाय कारण ती माशी जरा शांत बसली होती. मॅक्रो लेन्स घेतल्याशिवाय हे होणारच नाही का? घरी विषय काढला होता, वडील म्हणाले आधी ड्रिपच्या नळ्या बदलू.

किडेमकोडे:
वडिलांचं ऐक, नळ्या बदला आधी. मॅक्रो लेन्सची सध्या काही गरज नाही.

आणि तिसऱ्या फोटोतली मधमाशी नाहीये रे ती. ती हॉवरफ्लाय. झूम करून बघ, डोळ्यांवर आडवेउभे पट्टे दिसतायत आणि मिशा एवढ्याशा, असून नसल्यासारख्या. मधमाशीच्या मिशा लांब असतात आणि मधेच कोपरात वाकलेल्या, पंख चार असतात, हिला दोनच. मधमाशीचं सोंग घेऊन फिरते, डसत बिसत काही नाही. डोंगळ्यावर अशा माश्या भरपूर येतात आणि परागीकरणाला त्यांचीही मदत होते, तेव्हा फोटो उडवू नकोस, नाव फक्त बदल.

आता मुद्द्याचं. तुझ्या ट्यूबना आत इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट नाहीत, म्हणून कॅमेऱ्याला लेन्स दिसतच नाही आणि ०० येतं. लेन्स मग सताड उघडी राहते, ५५-२५० ची म्हणजे एफ/४ ते ५.६. त्यावर इतक्या जवळून डोळा आणि पाठ दोन्ही शार्प मिळणं शक्यच नाही. थोडा हिशोब सांगतो म्हणजे पटेल. क्रॉप बॉडीवर १:१ मॅग्निफिकेशनला, म्हणजे माशी सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी पडते तेव्हा, एफ/११ ठेवलं (भोक बरंच लहान) तरी शार्प पट्टा एक मिलिमीटरच्या आत असतो. सातेरी (आपली देशी मधमाशी) कामकरी माशी असते १०-११ मिमीची. तेच १:२ वर आलास तर त्याच एफ/११ ला पट्टा अडीच मिमीच्या वर जातो, तिप्पट झाला ना सरळ. तेवढ्यात डोळा, मिशा आणि पुढचे पाय निवांत बसतात, बाजूने धरलीस तर अख्खी माशी पण बसते.

म्हणून माशीने फ्रेम भरलीच पाहिजे हा हट्ट सोड. १:२ वर माशी फ्रेमच्या रुंदीच्या पाव भागात येते, २४ मेगापिक्सेलवर ते झाले १५०० पिक्सेल, कडेचं कापून टाकलं तरी भिंतीवर लावायला ए४ प्रिंट छान निघते. लोक १:१, २:१ असे आकडे सांगत बसतात आणि त्यांच्या हार्डडिस्कवर अर्धवट माश्यांचे ढीग असतात.

सामान म्हणशील तर रेनॉक्स डीसीआर-१५० हे क्लोजअपचं भिंग शोध, सेकंडहँड मिळाली तरी चालेल. ती ५५-२५० च्या तोंडावर क्लिप होते, अपर्चर चालू राहतं. झूम १०० ला ठेवलंस की साधारण १:२ आणि २०० ला जवळपास १:१, म्हणजे झूमची रिंग फिरवून माशी लहानमोठी करायची. लेन्सपासून माशी वीसेक सेंटिमीटरवर राहते. डीसीआर-२५० पण मिळते, पॉवर जास्त, पण तिच्यात माशी बारा सेंटिमीटरवर आणावी लागते आणि तेवढ्या जवळ लेन्स गेली की सावली पडते. सावली पडली की ती गेलीच.

फोकस मॅन्युअल. रिंग फिरवायची नाही, एका जागी ठेवायची आणि स्वतः अंगाने एकदोन सेंटिमीटर पुढंमागं व्हायचं, डोळा टोकदार दिसला की दाबायचं, तीनचारचा बर्स्ट. ऑटोफोकस इतक्या जवळ नुसता शोधत बसतो.

आणि फ्लॅश. यावर इथं भांडण होणार मला माहितीये, पण फ्लॅशशिवाय एफ/११ परवडत नाही. शटर १/२००, आयएसओ १००-२००, फ्लॅश मॅन्युअलवर १/१६ पॉवर. इतक्या कमी पॉवरला फ्लॅशचा झोत सेकंदाच्या साधारण दहा हजाराव्या भागाएवढाच पेटतो, माशीला गोठवतो तो, तुझं शटर नाही. फ्लॅशच्या तोंडाला डिफ्युजर पाहिजेच, टीव्हीच्या खोक्यात पातळ पांढरा फोम येतो ना तो दोन पदरी लाव आणि लेन्सच्या टोकापर्यंत पुढं ओढ. फ्लॅश घेताना एक बघून घे, काही नव्या स्वस्त बॉडींच्या हॉट शूमध्ये (वर फ्लॅश लावायची खाच) मधली पिन नसते, त्यांच्यावर साधे मॅन्युअल फ्लॅश पेटतच नाहीत. दुकानात कॅमेरा घेऊन जा आणि लावून बघ.

उन्हाचा_पक्का:
झालं, आले फ्लॅशवाले. फ्लॅशमध्ये काढलेली मधमाशी प्लास्टिकची दिसते आणि मागं अमावास्या. फेब्रुवारीतलं सिन्नरचं ऊन फुकट असताना फ्लॅश कशाला लागतो सांगा बरं.

स्वच्छ उन्हात आयएसओ ८००, एफ/८ ला १/३२०० शटर मिळतं. चालणारी माशी सोड, उडतीसुद्धा बऱ्यापैकी थांबते. पंख थोडे पुसट येतात, येऊ देत, पंख सेकंदाला दोनशेच्या वर हलतात, ते थोडे हललेले दिसले तरच ती जिवंत वाटते. तुझ्या पांढऱ्या गोंड्याचं दुखणं फ्लॅशने बरं नाही होत, ते उजेडाच्या दिशेने होतं. सकाळी सूर्य खाली असताना गोंड्याच्या पलीकडं सूर्य येईल असा बस, म्हणजे गोंड्याची तुझ्याकडची बाजू सावलीत येते आणि माशीच्या अंगावरची लव कडेनं चमकते. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे २/३ ठेव (फोटो मुद्दाम थोडा काळपट), रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) मध्ये काढ, आणि नंतर सावल्या उचल. पांढरं एकदा जळालं की परत येत नाही, काळं बऱ्यापैकी परत येतं.

किडेमकोडे:
सकाळी सूर्य खाली असताना तुमचं ते १/३२०० राहत नाही साहेब, दोन स्टॉप तिथंच गेले, म्हणजे उजेड पाव राहिला. आणि गोंड्याची सावलीतली बाजू म्हटल्यावर अजून दोन. मग आयएसओ ६४०० वर त्याच्या किट बॉडीचा रवा झालेला फोटो बघत बसायचं. ऊन चढलं की उजेड पुरतो पण तोवर वारा येतो, हे त्याने वरच लिहिलंय.

पण एक मान्य, कडक उन्हात फ्लॅशचा फायदा अर्धा होतो. आयएसओ १००, एफ/११, १/२०० ला भर उन्हाचं एक्स्पोजर आधीच पूर्ण होतं, मग फ्लॅशची एक शार्प माशी आणि उन्हाची दुसरी हललेली माशी अशा दोन एकावर एक दिसतात. म्हणून फ्लॅश वापरायचा तर सकाळच्या कोवळ्या उजेडात, नाहीतर घरच्या कुणालातरी छत्री धरून उभं करायचं.

जावळीकर:
कॅमेऱ्यातलं मला शष्प कळत नाही, माश्यांचं थोडंफार कळतं. महाबळेश्वरच्या बाजूचा आहे, सातेरीच्या पेट्या ठेवतो, आमच्या इथलं मांघर गाव २०२२ ला मधाचं गाव म्हणून जाहीर झालं ते ऐकलं असशील. उन्हाळ्यात बरेच फोटोवाले येतात, त्यांना जे सांगतो तेच तुला सांगतो. तुम्ही माशीच्या मागं धावता. तिच्या मागं धावून काही होत नसतं, ती पुढं कुठं येणार ते बघून तिथं आधीच जाऊन बसायचं.

एका खेपेला निघालेली माशी शक्यतो एकाच जातीच्या फुलावर काम करते. म्हणजे डोंगळ्यावर असलेली माशी पुढं पण डोंगळ्यावरच येणार. गोंड्यातली सगळी फुलं एका दिवशी उमलत नाहीत, चांगले दोनतीन आठवडे चालतं, काही कळ्या, काही ताजी, काही जुनी. ज्या गोंड्यावर ताजी फुलं जास्त आहेत तो सकाळी हेरून ठेव, त्यावर माश्या पुन्हा पुन्हा येतात आणि येऊन जास्त वेळ चालत राहतात. पूर्ण सुकत आलेल्या गोंड्यावर टेकली न टेकली की उठते.

आणि कांद्याच्या फुलात मकरंद पाकळ्यांच्या बुडाशी, केसरांच्या मुळाशी असतो. माशी तिथं तोंड खुपसते तेव्हा वरून फोटो काढलास तर ढुंगण येणार, दुसरं काय. खाली बस, गोंड्याच्या कमरेच्या उंचीला डोळा आण, आणि ती एका फुलातून तोंड काढून दुसऱ्यात घालते त्या मधल्या क्षणाला टिप. तेवढाच वेळ तिचा चेहरा बाहेर असतो. सोंड अजून आत घ्यायची राहिलेली असली तर तीपण दिसते.

पेट्यांपाशी मात्र जपून. दाराच्या समोर उभं राहायचं नाही, तो त्यांचा रस्ता आहे, कायम बाजूला किंवा मागं. काळे गडद कपडे नकोत, अत्तर-सेंट नको. फुलावर कामाला असलेली माशी स्वतःहून डसत नाही, बोटाखाली चिरडली तर डसणारच. एक डसली तर तिथं उभं राहून फोटो काढत बसू नकोस, त्या वासावर बाकीच्यांना सांगावा जातो. काटा लगेच खरवडून काढ, कसा काढलास यापेक्षा किती लवकर काढलास ते महत्त्वाचं, काट्यासोबतची विषाची पिशवी तुटल्यावरही पंप करत राहते. ओठ-डोळे सुजले, दम लागला, अंगभर पित्त उठलं तर घरगुती उपाय करत बसू नको, थेट दवाखाना.

जवळपास कुठं झाडावर नाहीतर पाण्याच्या टाकीवर आग्या मोहोळ असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नकोस आणि फ्लॅश तर अजिबात नको. हे हसण्यावारी न्यायचं काम नाही. आणि प्लॉटवर औषध मारलं असेल त्या दिवशी जाऊ नकोस. फुलोऱ्यात मारायचीच वेळ आली तर वडिलांना सांग दिवस मावळल्यावर, माश्या पेटीत परतल्यानंतर मारा, पेटीवाल्याला आदल्या दिवशी कळवून. त्यांना माहीत असेलच म्हणा.

टेलीकन्व्हर्टर_टिंग्या:
एवढं सगळं कशाला, एक जालीम उपाय आहे. माशी बाटलीत पकडायची, पाच मिनिटं फ्रीजमध्ये, मग फुलावर ठेवायची. आरामात ट्रायपॉड लावून काढा. यूट्यूबवर बघा कितीतरी जण करतात.

रानतुळस:
टिंग्या भाऊ, असले उपाय इथं नका सांगू प्लीज. गारठलेल्या माशीला उडता येत नाही, उडायला तिला आधी छातीचे स्नायू थरथरवून अंग तापवावं लागतं, तेवढ्यात मुंगळा नाहीतर कोळी तिला घेऊन जातो. आणि फोटोत ते लगेच कळतं हो, पाय पोटाशी घेतलेले, मिशा लोंबलेल्या, पंख वेडेवाकडे, फुलावर मेलेली माशी ठेवल्यासारखी दिसते. स्पर्धेचे परीक्षक असले फोटो पहिल्या फेरीतच बाजूला काढतात.

थंड माशीच पाहिजे असेल तर ती फुकट मिळते, फक्त लवकर उठावं लागतं. निळ्या पट्ट्यांची एकांडी माशी असते ना, अमेगिला, तिचे नर रात्री वाळक्या काडीला जबड्याने धरून झोपतात, एका काडीवर ओळीने बरेच. पहाटे उजाडताना ते अजून झोपलेले असतात. पेटीतली मधमाशी नव्हे पण दिसायला एकदम देखणी, हिरवेनिळे डोळे, पोटावर निळे पट्टे. तेव्हा ट्रायपॉड लाव, फोकस थोडाथोडा सरकवत पंधरावीस फ्रेम घे आणि नंतर स्टॅक कर (सगळ्या फ्रेमचे शार्प भाग जोडून एक फोटो), सगळी माशी डोक्यापासून शेपटापर्यंत शार्प. जिवंत कामावरच्या मधमाशीवर स्टॅकिंग चालत नाही, ती एका फ्रेमपुरतीसुद्धा स्थिर नसते. संध्याकाळी दिवस मावळताना तुळस, सब्जा किंवा बांधावरचं गवत बघत फिर, एखादी काडी सापडली की जागा लक्षात ठेव, रोज त्याच काडीवर येतात बहुतेक.

शिवारफेरी, तुला एक सांगू का, डोंगळ्याचा दांडा जाड आणि ताठ असतो, त्याचा फायदा घे. डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि बोटाने दांडा गोंड्याच्या खाली वीतभर धर आणि त्याच हाताच्या मनगटावर लेन्सचं तोंड टेकव. आता गोंडा आणि लेन्स एकाच हातावर आहेत, वारा आला तरी दोन्ही एकत्रच हलणार. माशी दांडा हळू हलला तर काही करत नाही, हिसका बसला तर उडते. मी झेंडूवर आणि सूर्यफुलावर असंच करते, झेंडूचा दांडा लेचापेचा असतो तरी जमतं. हातमोजे घालू नको, पकड जाते.

आणि हो, एखादी माशी बराच वेळ एकाच जागी दिसली आणि हलतच नसेल तर आनंदाने धावत जाऊ नकोस, खाली वाकून बघ. बऱ्याचदा पाकळ्यांखाली खेकडा कोळी असतो, पांढऱ्या फुलावर पांढरा, आणि त्याने तिची मान धरलेली असते. तो फोटोही घे, पण त्यासाठी एफ/११ पुरणार नाही, दोघांना एका पट्ट्यात आणायला बाजूने समांतर बसावं लागतं.

उन्हाचा_पक्का:
दांड्याची युक्ती झकास. मनगटावर लेन्स टेकवायची हे मी नव्हतो ऐकलं. हे उन्हातपण चालेल, फ्लॅश न लावता ;)

शिवारफेरी:
सगळ्यांचे मनापासून आभार, जावळीकर काका तुमचे खास, वडिलांना तुमचा निरोप वाचून दाखवला, ते म्हणाले माणूस कामाचा आहे.

अपडेट देतो. रेनॉक्स १५० एका ओळखीच्या फोटोग्राफरकडून वापरायला मिळाली, त्याच्याकडूनच जुना फ्लॅशपण. ट्यूबा काढून ठेवल्या. गोंड्याच्या कमरेला डोळा आणून बसलो, खालून पँट ओली झाली पण माशीचा चेहरा पहिल्यांदा दिसला. डोळ्यावर बारीक केस असतात हे मला माहीतच नव्हतं! डोळ्याच्या गोळ्यातूनच उभे आलेत केस, आणि त्यात परागाचे कण अडकलेले. डोक्यावर मध्ये तीन बारके ठिपके पण दिसतात, ते काय आहे? पायाला परागाची गोळी लागलेली एक माशी मिळाली. आता अडचण अशी की मागचं सगळं काळं येतंय, उन्हाचा_पक्का म्हणाले तसं अगदी अमावास्या. आणि डोळ्यावर एक पांढरा टिकला येतो फ्लॅशचा, तो डोळे फोडल्यासारखा दिसतो. फोम दोन पदरी लावलाय तरी. दुसरं म्हणजे दुपारनंतर माश्या आमच्या डोंगळ्यावरून कमी होतात आणि शेजारच्या धन्याच्या (कोथिंबिरीच्या) वावरात जातात असं वाटतंय, हे खरंय का माझा भ्रम?

किडेमकोडे:
ते तीन ठिपके म्हणजे तिचे साधे डोळे, उजेड किती आहे ते कळायला. मोठे दोन वेगळे आणि हे तीन वेगळे. तुझ्या फोटोत ते दिसतायत म्हणजे फोकस आता जागेवर आलाय.

काळ्या मागाचं कारण साधं आहे, फ्लॅशचा उजेड लांब पोचत नाही. माशी वीस सेंटिमीटरवर उजळते, मागचा बांध पाच मीटरवर, तिथपर्यंत काहीच जात नाही. एकतर असा कोन घे की माशीच्या मागं हातभराच्या आत दुसरा गोंडा किंवा पात येईल, त्यावर फ्लॅश पडतो आणि हिरवट-पांढरं छान पुसट होतं. नाहीतर आयएसओ ४००-८०० कर, शटर १/२०० च ठेव आणि फ्लॅशची पॉवर १/३२ वर आण, म्हणजे मागच्या आकाशाचा उजेड थोडा आत येतो. पण ऊन चढायच्या आतच हं, नाहीतर मघाशी म्हटलं त्या दोन माश्या परत येतील.

टिकल्याला उपाय एकच, डिफ्युजर मोठा आणि माशीच्या जवळ. पदर वाढवून काही होत नाही, उजेड फक्त कमी होतो. फोम फ्लॅशच्या तोंडाला चिकटवलेला असला तर फ्लॅशएवढाच दिवा राहतो. तो वाकवून कमानीसारखा पुढं आण, लेन्सच्या टोकापुढं येऊ दे, आणि फ्लॅश आणि फोम यांच्यात अंतर राहू दे म्हणजे सगळा फोम उजळतो. मग डोळ्यात टिकला न येता मऊ पट्टा येतो. गोंडा पांढरा असल्याचा एक फायदा फ्लॅशमध्ये असा की खालून तोच रिफ्लेक्टरचं काम करतो, माशीचं पोट काळं पडत नाही. झेंडूवर हे सुख नाही, तिथं पोटाला केशरी झाक येते.

जावळीकर:
भ्रम नाही, खरंय. कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त असतं, माशीला तो फार आवडत नाही. शेजारी धने, मोहरी फुलावर असलं की तिकडं ओढ असते. म्हणून पेट्या प्लॉटमध्ये थोडा फुलोरा सुरू झाल्यावर आणतात, आधी नाही, नाहीतर माश्यांना शेजारची सवय लागून जाते. बियाण्याच्या दृष्टीने हे तुमचं नुकसान, पण फोटोच्या दृष्टीने तू धन्याच्या वावरात जा. धन्याचं फूल पसरट, उघडं असतं, माशीला तोंड खोल घालावं लागत नाही, चेहरा सतत वर. शेजाऱ्याला विचारून जा म्हणजे झालं.

तुझ्या दुसऱ्या फोटोतली, ती पिवळसर आणि अंगाने मोठी आहे ती पेटीतली मेलिफेरा, मूळची परदेशी मधमाशी. पहिल्या फोटोतली काळपट, पोटावर सारख्या अंतरावर पट्टे, ती आपली सातेरी, जवळपास कुठंतरी ढोलीत नाहीतर बांधाच्या भोकात घर असणार. ती सकाळी लवकर बाहेर पडते, मेलिफेरा थोडं ऊन लागल्यावर. तुला सकाळचा कोवळा उजेड पाहिजे ना, मग सातेरीच धर.

गॅलरीतली_बाग:
मधेच घुसते, सॉरी. मी ठाण्याला फ्लॅटमध्ये राहते, वावर बिवर काही नाही, मोबाईल आणि त्याला क्लिप करायची मॅक्रो लेन्स आहे. तुळशीवर एकदम बारक्या काळ्या माश्या येतात, मुंगीएवढ्या, त्याच कोती माश्या ना? त्या कधीच टिपता येत नाहीत. मोबाईलवर होईल का काही?

रानतुळस:
हो ताई, त्या कोतीच असणार, तीनचार मिमीच्या असतात, नांगीचा त्रास नाही म्हणजे घाबरायचं कारणच नाही. तुळशीवर त्यांच्या मागं लागू नका, मोबाईलला तेवढा वेग नाही. त्यापेक्षा त्यांचं घर शोधा. बिल्डिंगच्या भिंतीच्या फटीत, जुन्या पाइपात, मीटरच्या पेटीत कुठंतरी मेण आणि डिंकाची छोटी नळी बाहेर आलेली दिसेल, तेच त्यांचं दार. त्या नळीच्या तोंडावर पहारेकरी माश्या गोल करून बसलेल्या असतात, चेहरे बाहेर, आणि बऱ्यापैकी स्थिर. मोबाईल भिंतीला टेकवा, क्लिप लेन्स नळीपासून तीनचार सेंटिमीटरवर येईल असं बघा, टायमर नाहीतर इयरफोनच्या बटणाने क्लिक करा म्हणजे हात हलणार नाही. हळू जवळ जा, फुंकर मारू नका, नाहीतर सगळ्या आत पळतात आणि मग जरा वेळ वाट बघायची, त्या परत येऊन बसतात. आणि सोसायटीवाल्यांना ती फट बुजवू देऊ नका.